माद्यांच्या हंगामात चार दिवस

स्कॉटलंडला जाऊन आलो म्हटल्यावर लोक मला किल्ल्यांबद्दल विचारतात, तळ्यातल्या त्या राक्षसाबद्दल विचारतात, आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी हळूच बाजूला घेऊन व्हिस्कीबद्दल विचारतात. मी यातलं काहीही पाहिलेलं नाही. मी चार दिवस एका ओल्याचिंब डोंगराच्या पायथ्याशी राहिलो, त्यातला एक अख्खा दिवस पोटावर सरपटलो, तेही एकसष्टाव्या वर्षी, आणि जे पाहिलं त्याचा धक्का अजून पुरता उतरलेला नाही. लिहून काढलं की उतरेल असं बायको म्हणते, म्हणून हा खटाटोप.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी वनखात्यात तेहेतीस वर्षं होतो. वनरक्षक म्हणून लागलो आणि रेंजर म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी विदर्भातल्या जंगलात, आणि त्यातली निम्मी तरी हरणं मारणाऱ्यांच्या मागे धावण्यात गेली. कुठे तारेचे फासे, कुठे विजेचा प्रवाह सोडलेला, कुठे भरमार बंदूक. पकडलेले बरेचसे पुढे कोर्टात सुटले, तो विषय वेगळा. पण चितळाच्या अंगाला हात लावणारा माणूस दिसला की माझं डोकं सणकतं, आजही.

माझी एकुलती एक मुलगी केतकी लीड्सला एका हॉस्पिटलच्या कम्प्युटर विभागात सात वर्षं होती. तिकडे कायमचं राहण्याचा परवाना हातात पडला आणि दोन महिन्यांत तिने ती चांगली नोकरी सोडून थेट उत्तरेकडचा डोंगर गाठला. फोनवर म्हणाली, "बाबा, मी आता डिअर मॅनेजमेंटमध्ये आहे." माझा ऊर भरून आला. पोरगी शेवटी बापाच्या वळणावर गेली. खात्यातल्या झाडून सगळ्या जुन्या मित्रांना मी सांगत सुटलो की केतकी हरणांच्या संवर्धनाचं काम करते. मॅनेजमेंट म्हणजे नेमकं काय, हे मी तिला विचारलं नाही. आमच्याकडे मॅनेजमेंट म्हणजे गणना, पाणवठे आणि फायली.

पहिला दिवस: रस्सा

ट्रेनच्या प्रवासाचं वर्णन करत नाही. बाहेर पाऊस होता आणि आत गारढोण सँडविच होतं. इन्व्हरनेसच्या स्टेशनवर केतकी जीप घेऊन आली होती. जीप चाकापासून टपापर्यंत चिखलाने माखलेली, पोरीचे केस मुलासारखे कापलेले, आणि मिठी मारली तेव्हा खांदे असे टणक लागले की ही माझीच मुलगी ना अशी क्षणभर शंका आली.

दोन तासांचा रस्ता होता. मी मांडीवर नकाशा पसरून बसलो, जुनी सवय. नकाशावर मोठ्या अक्षरांत फॉरेस्ट लिहिलेलं होतं, म्हणून मी काचेला नाक लावून जंगलाची वाट बघत राहिलो. एक डोंगर गेला, दुसरा गेला. तांबूस वाळकं गवत, काळे दगड, ओढे आणि पुन्हा तांबूस गवत. झाड म्हणून नाही. शेवटी मी विचारलं की फॉरेस्ट कधी लागणार. केतकी म्हणाली, आपण अर्ध्या तासापासून त्यातच आहोत. इथे फॉरेस्ट म्हणजे हरणांचं रान, त्यात झाडं असलीच पाहिजेत असं नाही.

खात्यातल्या कुणी मला असं जंगल दाखवलं असतं तर मी त्याची चौकशी लावली असती.

मग तिने एका वळणावर जीप थांबवली. रस्त्याच्या कडेने उंच जाळीचं कुंपण होतं. कुंपणाच्या आत गुडघ्याएवढी, कमरेएवढी रोपं दाटीवाटीने उभी होती. बाहेर तीच जमीन, तोच पाऊस, आणि उजाड. आत हरीण जाऊ शकत नाही, म्हणून आत झाडं आहेत, एवढंच ती म्हणाली. मी मान डोलावली. जास्त चराई झाली की काय होतं हे मला माहीत होतं. पण त्याचा माझ्या मुलीच्या टणक खांद्यांशी काही संबंध असेल, असं तेव्हा डोक्यात आलं नाही.

तिचं घर दगडी, दोन खोल्यांचं. मी नागपूरहून सावजी मसाला नेला होता. तीन पिशव्यांत गुंडाळूनही बॅगेतल्या सगळ्या कपड्यांना त्याचा वास लागला होता. मी गरम पाण्याने आंघोळ करून येईपर्यंत कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या होत्या आणि घर खमंग वासाने भरून गेलं होतं. मी सावजीवर वाढलेला माणूस आहे, मटणाला नाही म्हणत नाही. तर्री लालभडक, मांस मऊ, थोडं काळपट. मी दोनदा वाढून घेतलं. मग बोटं चाटत विचारलं, "बकरा इथलाच का गं? चांगला आहे."

"बकरा नाही, बाबा. हरीण आहे."

"कोणी दिलं?"

"दिलं नाही कुणी. मी मारलं, गेल्या महिन्यात. नर होता, फ्रीजरमध्ये ठेवला होता तुमच्यासाठी."

माझा हात ताटातच राहिला. तेहेतीस वर्षांत हे मांस मी एकाच रूपात पाहिलं होतं, मुद्देमाल म्हणून. सीलबंद डबा, वर चिठ्ठी, खाली पंचांच्या सह्या. आणि मी तो मुद्देमाल खाल्ला होता, वरून आणखी मागून खाल्ला होता. मी उठून हात धुतले आणि मग पुन्हा एकदा धुतले. ज्या मुलीला मी पहिलं पुस्तक शिकवताना हरणाचं चित्र दाखवलं होतं, तिने सरळ, पाणी प्यायल्यासारखं हे सांगितलं होतं.

ती समजावत राहिली. इथे वाघ नाही, लांडगा होता तो शेकडो वर्षांपूर्वी संपवला. हरणाला खाणारं कुणी उरलं नाही, म्हणून कळप वाढतात, सगळी रोपं खातात आणि कडक हिवाळ्यात उपाशी मरतात. लांडग्याचं काम आता माणसाला करावं लागतं. ते करणाऱ्याला इथे स्टॉकर म्हणतात, आणि ती सध्या शिकाऊ स्टॉकर आहे. कायम होण्यासाठी एक सर्टिफिकेट लागतं. त्यासाठी तीनदा साक्षीदारासमोर शिकार करून दाखवायची: जनावर शोधणं, निवडणं, मारणं, साफ करणं, सगळं नियमाने. दोनदा झालं होतं. तिसरी वेळ याच आठवड्यात, कारण ऑक्टोबरचा तिसरा आठवडा संपता संपता माद्यांचा हंगाम उघडतो आणि ही परीक्षा मादीवरच द्यायची होती. पास झाली तर नोकरी आणि हे घर पक्कं. नाही तर मालक दुसरा माणूस बघणार होता, तो ठरलेलाही होता.

"हे तू मला फोनवर का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुम्ही इतके खूश होता, बाबा," ती म्हणाली आणि ताटं उचलून घेऊन गेली.

दुसरा दिवस: मोराग

परीक्षेची साक्षीदार मोराग नावाची बाई होती. माझ्याच वयाची, सडसडीत, चेहरा वाऱ्याने आणि उन्हाने राकट झालेला. तिने तिशीपासून हेच काम केलं होतं. तिचं इंग्रजी मला दहातलं चार कळायचं, माझं तिला बहुधा तीन. केतकी मधे बसून दुभाष्याचं काम करायची.

मोरागने मला लार्डर दाखवला. मारलेली जनावरं टांगून ठेवायची थंड खोली. पांढऱ्या फरशा, धुतलेली जमीन, हॉस्पिटलसारखी स्वच्छता आणि आकड्यांना टांगलेली चार हरणं, प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी. कुठे मारलं, कधी, कुणी, तब्येत कशी होती. मी दारातच थिजलो. माझे हात पंचनाम्याचा कागद शोधायला लागले. आमच्याकडे अशी खोली सापडली असती तर पेपरात फोटो आला असता, आणि इथे एक बाई ती मला देवघर दाखवावं तशी दाखवत होती.

तिने विचारलं, तुमच्याकडे हरणाला कोण खातं? मी म्हटलं, वाघ, बिबट्या, रानकुत्री. ती म्हणाली, तुम्ही नशीबवान आहात, मला हे काम कुणा जनावराने केलेलं चाललं असतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला हसू आलं. वाघ गावात शिरला की काय होतं ते मी तिला सांगितलं नाही. तिचा हेवा मला जरा सुखावत होता.

दुपारी पावसात बाहेर पडण्यात अर्थ नव्हता, म्हणून स्वयंपाकघराच्या टेबलावर नकाशा पसरून दोघींनी दुसऱ्या दिवशीचा बेत आखला. मी चहा घेत ऐकत होतो, आणि सांगायला लाज वाटते, पण मला ते आवडायला लागलं. कारण निम्मं मला येत होतं. हरणाचं नाक डोळ्यांहून तेज, म्हणून आधी वारा. केतकीकडे पावडरची छोटी बाटली होती. ती दाबली की भुरका उडतो आणि वारा दिसतो. आम्ही चिमूटभर माती उडवायचो. हंगामाच्या सुरुवातीला माद्या अजून उंच गेलेल्या नसतात, ओढ्यांच्या काठच्या हिरवळीवर चरतात. तेव्हा खालून जायचं नाही, वळसा घालून वरून उतरायचं, कारण हरीण धोका खालून येईल असं धरून बसतं. कळपात एक म्हातारी असते. बाकीच्या चरतात, ती बघते. ती बघत असेल तोवर श्वासही जपून घ्यायचा.

मग कुठली निवडायची? आधी भाकड, जिच्यामागे पाडस नाही. नाही तर म्हातारी, रोडावलेली, जी हिवाळा काढणार नाही. मी म्हटलं, हे तर वाघच करतो. केतकी खूश झाली.

"आणि मागे पाडस असेल तर?" मी विचारलं.

"तर दोन्ही घ्यायचे. जमलं तर पाडस आधी."

मला वाटलं, माझं ऐकण्यात चुकलं. ती पुन्हा म्हणाली. पाडस जूनमध्ये जन्मलेलं, चार महिन्यांचं. आई गेली तर ते हिवाळ्यात मरतं, पण पटकन नाही, उपाशी, थंडीने, हळूहळू. म्हणून एकाला मारून दुसऱ्याला मागे ठेवायचं नाही. आधी पाडस पडलं तर आई तिथेच घुटमळते. आधी आई पडली तरी पाडस लांब जात नाही, परत येऊन तिच्याजवळ उभं राहतं. तेव्हा लगेच दुसरी गोळी.

मी कप ठेवला आणि बाहेर गेलो. पावसात कुंपणाशी उभा राहिलो. माझ्याच पोटच्या पोरीच्या तोंडून, माझ्याच मराठीत, हे मी ऐकलं होतं. आमच्याकडचा अट्टल शिकारीसुद्धा पाडसाची गोष्ट काढली की मान खाली घालायचा.

आत आलो आणि म्हटलं, उद्या मीही येणार. मोरागला ते पसंत नव्हतं, पण केतकीने शब्द टाकला. अट एकच: सांगतील तिथे पडून राहायचं. मी का गेलो ते खरं सांगतो. पोरगी नुसती बोलते की खरंच करते, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं, आणि ती करणार नाही अशी कुठेतरी आशा होती.

तिसरा दिवस: डोंगरावर

उजाडायच्या आत निघालो. पहिल्या अर्ध्या तासातच मी मांडीपर्यंत चिखलात गेलो. वरून हिरवंगार शेवाळ, खाली काळा रबरबीत गाळ. मोरागने मला कॉलरला धरून उपसून काढलं, एक शब्द न बोलता, जसं काही ती रोज सकाळी एक नागपूरकर उपसते. बूट निघाला, मोजा तिथेच राहिला.

पलीकडच्या कड्यावर एक नर हंबरत होता. माजाचे दिवस सरत आले होते, आवाज बसलेला. आमच्या सांबराची हाक छोटी, ठणकावल्यासारखी असते. हा मात्र घशातून लांबलचक ओरडत होता आणि उत्तर कुणी देत नव्हतं.

दुर्बिणीतून सात माद्या दिसल्या, मागे चार पाडसं. सांबराच्या मादीपेक्षा लहान, रंगाने विटकरी. वारा फिरत होता, म्हणून एका खडकाच्या आडोशाला तासभर बसलो. मी लसणाची चटणी लावून पोळ्या नेल्या होत्या. मोरागने एक घेतली, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि तिने दुसरी मागितली. त्या तासात आम्ही तिघं सहलीला आल्यासारखे होतो.

मग वारा स्थिरावला. वळसा घालून वर चढलो, आणि एका ओढ्यात उतरून त्याच्या पात्रातून पोटावर सरपटत खाली आलो. पाणी बाहीतून शिरून पॅन्टमधून बाहेर पडत होतं. केतकी पुढे, तिच्या टाचेशी मोराग, दहा पावलं मागे मी. शेवटी केतकीने एका उंचवट्यावर बंदूक टेकवली. मला मधल्या फटीतून सगळं दिसत होतं. तिने निवडलेली मादी बरगड्या दिसणारी, कळपापासून जरा अलग. मागे पाडस. पाडस आईच्या आडोशाला होतं, त्याच्यावर नेम धरता येत नव्हता. मोराग काहीतरी कुजबुजली. आई आडवी उभी राहिली.

गोळीचा आवाज झाला. मादी दोन पावलं चालली आणि बसल्यासारखी पडली. बाकीच्या उधळल्या. पाडसही वीसेक पावलं पळालं, थांबलं, वळलं. मग अगदी सांगितलं होतं तसंच परत आलं आणि आईच्या तोंडाशी नाक नेऊन उभं राहिलं. केतकीने दुसरी गोळी भरली होती.

आणि मी उठून उभा राहिलो आणि सगळा जीव एकवटून ओरडलो, "एऽऽ, थांब!"

हे मी ठरवून केलं का, असं मला नंतर कितीदा वाटलं. आमच्या वनरक्षकाजवळ बंदूक नसते. काठी असते आणि गळा असतो. गोळी ऐकली की जिथे असू तिथे उभं राहून ओरडायचं, म्हणजे मारणाऱ्याला वाटतं फौज आली आणि तो पळतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला हे शिकवलं होतं आणि पुढे तेहेतीस वर्षं माझ्या गळ्याने ते डोक्याला न विचारता केलं. पण मग मी गोळी झाल्या झाल्या का नाही ओरडलो? पाडस परत येईपर्यंत थांबलो होतो. तेव्हा गळ्यावर सगळं ढकलणं खोटेपणाचं होईल.

पाडस डोंगराच्या धारेवरून पलीकडे नाहीसं झालं.

केतकी खाली जाऊन मादीशी गुडघ्यावर बसली, डोळ्याला बोट लावून मेल्याची खात्री केली आणि सुरी काढली. पोट उघडून आतडी बाहेर काढणं, एकेक अवयव तपासणं, सगळं तिने शांतपणे केलं. तिचे हात माझ्या आईसारखे आहेत, लांब बोटांचे. ते हात कोपरापर्यंत लाल झालेले मी बघत होतो. मोरागने मला जवळ बोलावलं, वाकून मादीचा सड दाबला. तिच्या अंगठ्यावर दूध आलं. ते तिने मला दाखवलं, मग गवताला पुसलं.

मोराग वहीत काही लिहीत होती, तिने मधेच वही मिटली. केतकीने मला नंतर सांगितलं, ती म्हणाली की हे अर्धं काम झालं. पाडस मिळालं तर मी सही करीन, नाही मिळालं तर नाही. अनाथ मागे ठेवणाऱ्याला मी पास केलं असं माझ्या नावावर नको. आम्ही अंधार पडायच्या थोडं आधीपर्यंत लपून वाट पाहिली. आमच्या वासाने असेल, ते आलं नाही.

घरी केतकीने वरण-भात केला. मी म्हटलं, "ते वाचेल गं. दुसऱ्या मादीच्या मागे लागेल."

"नाही लागणार, बाबा. दुसरी मादी त्याला हाकलते."

"पकडून बाटलीने वाढवता येईल."

"तुमच्या रेंजमध्ये आणलेली किती जगली?"

जगलेली दोन-तीनच होती, तीही अगदी लहान असताना आणलेली. चार महिन्यांचं पकडलेलं तर भीतीनेच मरतं, हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"तुम्ही ओरडलात त्याचा मला राग नाही," ती म्हणाली. "म्हणजे, आहे. पण ते मरणारच आहे. आता फक्त वेळ लागेल. डिसेंबरपर्यंत, कदाचित. उद्या मला ते शोधायचंय आणि मला तुमच्यासारखा माग काढता येत नाही. याल का?"

तेवढ्यात नागपूरहून बायकोचा फोन आला. काय पाहिलं म्हणाली. मी म्हटलं, डोंगर.

चौथा दिवस: ओढ्याकाठी

मी गेलो. रात्री ठरवलं होतं की जाणार नाही, आणि सकाळी केतकीच्या आधी बूट घालून बसलो होतो.

पाऊस गेला होता, रात्रीचं दव गोठलं होतं, गवताचं पातं न् पातं पांढरं. मादी जिथे पडली होती तिथे अजून काळा डाग होता. मी दोघींना मागेच थांबवलं आणि एकटा पुढे झालो. आयुष्यात मी पुष्कळ माग पाहिले, वाघिणीचे, बछड्यांचे, जखमी अस्वलाचे, पण हा वाचताना मला खाली बसावं लागलं. पाडस रात्री आलं होतं. दोन बोटांएवढे खूर चिखलात स्पष्ट उमटले होते. ते त्या डागाभोवती फिरलं होतं, बाहेर गेलं होतं, परत आलं होतं, पुन्हा फिरलं होतं. इतक्या वेळा की तिथे गोल वाट पडली होती. मी ती वाट खिशातल्या पेनने मोजायला गेलो, सवयीने, आणि पेन परत खिशात ठेवलं.

वाटेवरून ठसे खाली ओढ्याकडे गेले होते. आम्ही वारा बघून वरच्या बाजूने उतरलो आणि एका दगडाआड पडलो. केतकी दुर्बिणीने पलीकडचा चढ बघत होती. मोराग वरची धार बघत होती. मी ओढ्याकाठच्या वाळक्या नेच्यांत बघत होतो, कारण पाडस लपतं ते उघड्यावर नाही, आई सोडून जाते तशा जागी. तिथे सगळीकडे गोठलेलं दव होतं, आणि एका ठिकाणी नव्हतं. मग तिथे एक कान हलला.

पन्नास पावलांवर होतं. पोटाशी पाय घेऊन बसलं होतं, मान ताठ, तोंड कालच्या जागेकडे. दोघींपैकी कुणालाही ते दिसलेलं नव्हतं आणि मी गप्प राहिलो असतो तर बहुधा दिसलंही नसतं. केतकी थोड्या वेळाने म्हणाली असती की वर जाऊन बघू. आम्ही वर गेलो असतो. मला कुणी विचारलं नसतं.

मी त्याच्याकडे बघत राहिलो. ते थरथरत होतं. थंडीने असेल, भुकेने असेल. मला सगळं कळत होतं: डिसेंबर, बर्फ, दुसऱ्या माद्यांच्या लाथा. माझ्या मुलीची नोकरी कळत होती. काल मी त्याचा जीव वाचवला आणि ही रात्र त्याच्या वाट्याला दिली, हेही कळत होतं. तरी हात उचलत नव्हता. ज्या हाताने मी माणसांच्या हातातल्या बंदुका हिसकावल्या, त्या हाताने बोट करून हरणाचं पोर दाखवायचं होतं.

मी केतकीच्या बाहीला हात लावला आणि दाखवलं.

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिकडे. पुढचं झटकन झालं. आवाज झाला, नेचे हलले, आणि हलायचे थांबले. मी तोंड घट्ट मिटून पडून राहिलो होतो, जबडा दुखेपर्यंत.

मोरागने तिथल्या तिथे, दगडावर वही ठेवून सही केली. केतकीचा हात हातात घेऊन हलवला, मग माझा. माझ्याशी ती मुद्दाम सावकाश बोलली, आणि तिचं हे एकच इंग्रजी वाक्य मला सबंध कळलं. ती म्हणाली की तुम्ही नसता तर आज ते आम्हाला मिळालं नसतं. तिला आभार मानायचे होते. मला गालफडात बसावी तसं झालं.

पाडस ती मागून आठ चाकांच्या छोट्या गाडीत घेऊन आली. केतकी आणि मी जीपने पुढे निघालो. नोकरी पक्की झाली होती, घर पक्कं झालं होतं, मी तिचं अभिनंदनही केलं नव्हतं. मी म्हटलं, "झालं बाई तुझं."

"हो," ती म्हणाली. रस्त्यावरची नजर न काढता तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला ते आधीच दिसलं होतं ना? दाखवायच्या आधी."

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "हो. थोडा वेळ झाला होता."

"मला वाटलंच. तुमचा श्वास बदलला होता."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. गेले तीन दिवस मी एकच गोष्ट धरून चाललो होतो, की हिला काही वाटेनासं झालं आहे, माझी मुलगी या डोंगरात कुठेतरी हरवली आहे, आणि माझा सगळा धक्का त्याचा होता.

"मी मुद्दाम गप्प होतो," मी म्हटलं. "तेवढा वेळ मला लागला."

केतकीने फाटकाशी जीप थांबवली. हात स्टिअरिंगवरच होते. कोपराशी बाहीवर कालचा डाग राहिलेला.

"मलाही लागतो, बाबा," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी लागतो." आणि ती फाटक उघडायला उतरली.